एकाच संगणकाचें अडतें कोठें?

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जातांना लासूर स्टेशन लागतें. १९०० सालच्या सुमारास निजामाच्या राज्यांत सुरू झालेला हा लोहमार्ग एक मीटर रुंदीचा होता. मुंबईहून मनमाडास येणारा १६७६ मिलिमीटरांचा. त्यामुळें लासूरचा मालडबा मनमाडास अडे व माल दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. डबा सुस्थितींत, रूळहि सुस्थितींत. दोहोंचा मेळ तेवढा बसत नसे. आज तो मार्ग रुंद झाला आहे.

सॉफ्टवेअरचेंहि असेंच घडतें. तें चार संगणकांवर चालून पांचव्यावर बंद पडलें, तर प्रथम पांचव्याचें वेगळेपण शोधावें. पडद्यावरील सूचना जशीच्या तशी टिपून घ्यावी. घड्याळांतील तारीख पहावी. ती चुकल्यास संकेतस्थळाचें प्रमाणपत्र मुदतबाह्य समजून संपर्क नाकारला जातो. मग त्याच संगणकावर दुसरें खातें उघडावें. तेथें काम झालें, तर बिघाड बहुधा पहिल्या खात्याच्या सेटिंगमध्यें असतो. न झाल्यास सहायक फाइली, विंडोजची आवृत्ति व अँटीव्हायरस यांची चालत्या संगणकाशीं तुलना करावी. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी; एरवीं गुण कशानें आला हें कळत नाहीं.

सर्व पुसून नव्यानें मांडणी करणें हा अखेरचा उपाय. तत्पूर्वीं हिशेब, पत्रें व छायाचित्रें यांची प्रत अन्यत्र ठेवावी. कारण सॉफ्टवेअर पुन्हां आणतां येतें, वर्षभराचा हिशेब मात्र पुन्हां लिहावा लागतो.