उभ्या सागात लाकूड किती?

दहा रुपयांचं नाणं घ्या आणि सागाच्या रोपवनात मधोमध उभे राहा. नाणं डोळ्यापासून साठ सेंटिमीटरवर धरा, एक डोळा मिटा आणि जागच्या जागी एक पूर्ण गिरकी घ्या. छातीच्या उंचीवर ज्या झाडाचा बुंधा नाण्याच्या दोन्ही कडांबाहेर डोकावेल, ते झाड मोजायचं. नाण्याआड लपलं तर सोडून द्यायचं. चार झाडं भरली? मग तिथे हेक्टरी साधारण वीस चौरस मीटर बुंधा उभा आहे. म्हणजे हेक्टरभरातली सगळी झाडं छातीच्या उंचीवर कापली, तर उघड्या पडलेल्या थोटांचं क्षेत्रफळ तेवढं भरेल.

टेप नाही, दोरी नाही, हेक्टर आखायचीसुद्धा गरज नाही! नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर. त्या मापाला आणि साठ सेंटिमीटर अंतराला प्रत्येक मोजलेलं झाड हेक्टरी पाच चौरस मीटरचं वजन घेऊन येतं. लांबच्या झाडाला मोजणीत शिरायचं तर तेवढंच जाडजूड असावं लागतं, सगळी मेख त्यात आहे. ऑस्ट्रियाच्या वॉल्टर बिटरलिख या वनाधिकाऱ्याने १९४८ मध्ये ही युक्ती जगापुढे मांडली, तेव्हा ती खरी वाटू नये इतकी सोपी होती. अर्थात एका गिरकीवर कुणी जंगल विकत नाही. दहा-वीस ठिकाणी फिरून सरासरी काढतात, मग उंचीने गुणतात आणि झाड वर निमुळतं होत जातं म्हणून ढोबळमानाने निम्मं सोडून देतात.

छाती कुणाची, हा प्रश्न रास्त आहे. भारतात ती १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर ठरलेली आहे, युरोपात १.३ मीटरवर. उतारावर झाड असेल तर चढाच्या बाजूला उभं राहून मोजायचं. या उंचीच्या खालीच खोड दुभंगलं असेल तर कागदावर ती दोन झाडं. आणि काटेसावरीसारखे बुंध्याशी पंखे फुटलेले महाभाग असतील, तर पंखे संपतात तिथून वर टेप लावायचा.

आता ओंडक्याकडे या. लाकडाच्या व्यापारात एक जुनं सूत्र अजून चालतं: घेराचा चौथा हिस्सा काढा, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. एडवर्ड हॉपस या इंग्रजाने १७३६ मध्ये याची कोष्टकं छापली. १२० सेंटिमीटर घेराचा, तीन मीटर लांबीचा ओंडका घ्या. सूत्राने भरतो ०.२७ घनमीटर, शाळेतल्या पायने काढलात तर ०.३४. एकवीस-बावीस टक्के लाकूड कागदावरून गायब! पण ही लबाडी नाही. ओंडका चौरस करताना बाजूच्या फळकुटांत जे वाया जातं, त्याची वजावट आधीच करून ठेवली आहे. ओंडका विकत घेण्याआधी मोजणी पायची की चौथाईची, एवढं मात्र विचारून घ्यावं. भाव तोच, माल वेगळा.

लावलेलं जंगल हिशेबाला सरळ. वय ठाऊक, अंतर ठाऊक. दोन मीटरवर लावलेला साग हेक्टरी २,५०० रोपांनी सुरू होतो आणि विरळणी होत होत शेवटच्या तोडीला शे-दीडशे झाडांवर येतो. जमीन चांगली की सुमार हे कशावरून ओळखायचं? मातीवरून नव्हे, जाडीवरून तर मुळीच नव्हे. गर्दी झाली की खोड बारीक राहतं, पण सगळ्यात उंच झाडांच्या उंचीवर गर्दीचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून अमुक वयाला शेंड्याची उंची किती, यावरून जमिनीची प्रत ठरते. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने १९४० मध्ये भारत आणि ब्रह्मदेशातल्या सागाच्या रोपवनांसाठी अशी उत्पन्नाची कोष्टकं काढली. वय आणि उंची द्या, घनफळ घ्या.

नैसर्गिक जंगल असं सरळ नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे सागाशेजारी ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू; आजोबा आणि नातू एकाच कक्षात. वय कुणाचंच माहीत नाही. सागाला निदान वर्षाची वलयं स्पष्ट दिसतात, पण ती मोजायला झाड पाडावं तरी लागतं, नाहीतर खोड पोखरून आतला नमुना तरी काढावा लागतो.

या गुंत्यावर तोडगा काढला डिट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने, तोही हत्तीवर बसून. १८५६ मध्ये तो ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनांचा प्रमुख झाला. हातात बांबूच्या काड्या, घेराच्या प्रत्येक वर्गाला एक काडी. ठरलेल्या वाटेने जाताना साग दिसला की त्या वर्गाच्या काडीवर एक खाच. सहा फूट घेराच्या वरचे पहिल्या वर्गात. मग त्याने वयाचा नादच सोडला आणि वेगळं विचारलं: दुसऱ्या वर्गातलं झाड पहिल्यात चढायला किती वर्षं लागतात? तेवढ्या वर्षांत जितकी वर चढतील तितकीच पहिल्या वर्गातली तोडा. मला तर वनशास्त्रातलं हे सगळ्यात देखणं त्रैराशिक वाटतं. १८६४ मध्ये ब्रँडिस हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला.

जाता जाता: ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून ब्रह्मदेशात झाडाची साल वर्तुळाकार खोलवर कापून त्याला उभ्या उभ्या दोन-तीन वर्षं वाळू देत, आणि मगच पाडून नदीत सोडत. त्यामुळे उत्पन्नाचा आकडा आज ठरला तरी लाकूड हाती यायला बरीच वर्षं जात.

आणि शेवटी ती १९९० च्या दशकातली सागवान योजनांची लाट. थोडे हजार गुंतवा, वीस वर्षांनी एका झाडाचे लाखो घ्या, अशा जाहिरातींवर अनेक मराठी घरांनीही पैसे लावले. अखेर १९९९ मध्ये सेबीला सामूहिक गुंतवणुकीसाठी नियम आणावे लागले. त्या जाहिराती हॉपसच्या सूत्रात घालून पाहा. विसाव्या वर्षी ६० सेंटिमीटर घेर आणि सहा मीटर सरळ खोड धरलं, तर चौथा हिस्सा १५ सेंटिमीटर, घनफळ ०.१३५ घनमीटर, म्हणजे पावणेपाच घनफूट. तेही शेंड्याकडे खोड बारीक होतं हे विसरून. त्यातही कोवळ्या झाडात पांढरं लाकूड जास्त, पक्कं कमी. आजही कुणी झाडावर लाखांचा आकडा लिहून दाखवला, तर रुपये बाजूला ठेवा आणि आधी घेर विचारा.