प्रकाशाने उघडणारे औषधकण

संकल्पना

केमोथेरपीचे औषध शिरेतून दिले की रक्ताबरोबर शरीरभर जाते. गाठीतील पेशींप्रमाणेच अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर, केसांची मुळे येथील वेगाने विभागणाऱ्या पेशींनाही ते इजा करते. म्हणून औषध सुमारे १०० नॅनोमीटरच्या कणात बंद ठेवायचे आणि गाठीवर प्रकाश पडल्यावरच ते सुटावे अशी रचना करायची, हा या पद्धतीचा गाभा.

कोणता प्रकाश?

खरी अडचण येथे आहे. रासायनिक बंध थेट तोडण्याइतकी ऊर्जा अतिनील किरणांत असते. पण ते त्वचेच्या वरच्या थरांतच शोषले जातात. सुमारे ७०० ते ९०० नॅनोमीटरचे, म्हणजे निकट-अवरक्त किरण हिमोग्लोबिन आणि पाणी दोन्ही कमी शोषतात, त्यामुळे ते ऊतींत अधिक खोल उतरतात. मात्र प्रकाशकणाची ऊर्जा तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशकणात ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशकणाच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जा उरते आणि बंध तुटत नाही. या क्षेत्रातील कितीतरी कल्पक रचना ही कोंडी फोडण्याच्या प्रयत्नातून जन्मल्या.

सोन्याची मध्यस्थी

सोन्याच्या नॅनोकणातील मुक्त इलेक्ट्रॉन ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशाबरोबर आंदोलित होतात. शोषलेली ऊर्जा उष्णता बनते. गोल कण हिरवा प्रकाश शोषतो, तर कांडीसारखा लांबट कण किंवा सिलिकावर चढवलेले सोन्याचे पातळ कवच अवरक्त. केवळ आकार बदलून हे साधते, ही विलक्षण सोय आहे. मेदाच्या दुहेरी थराची पिशवी, म्हणजे लायपोसोम, योग्य घटक निवडल्यास या उष्णतेने ४१-४२ अंश सेल्सिअसला सैल होते आणि आतील औषध पाझरते. बंध तोडण्याची गरजच राहत नाही. मुंबईची आयआयटी आणि खारघरचे कर्करोग संशोधन केंद्र ॲक्ट्रेक येथील संशोधकांनी सोन्याचा मुलामा दिलेल्या, विघटनशील लायपोसोमचा उष्णतोपचार उंदरांतील गाठींवर तपासून २०१५ मध्ये प्रसिद्ध केला.

गाठीपर्यंतचा प्रवास

गाठीतील रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या, सच्छिद्र असतात. त्यांतून मोठे रेणू झिरपून साचतात, हे जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवले. तरीही २०१६ च्या एका आढाव्यात टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के निघाले. बरेचसे कण यकृत आणि प्लीहा टिपून घेतात.

मर्यादा

अवरक्त प्रकाशही काही मिलिमीटर ते फार तर काही सेंटिमीटर उपयोगी ठरतो. खोल अवयवांत प्रकाशतंतू घालावा लागतो. अमेरिकेत प्रोस्टेटच्या कर्करोगावर सोन्याच्या कवचकणांचा प्रयोग असाच झाला, पण त्यांत औषध नव्हते, फक्त उष्णता होती. शरीरात इतरत्र पसरलेल्या पेशींचा ठावठिकाणा ठाऊक नसल्याने त्यांच्यावर प्रकाश टाकता येत नाही. त्यांच्यासाठी रक्तातून सर्वत्र फिरणारी औषधेच द्यावी लागतात.