उंबऱ्याचं माप

लातूरहून नांदेडकडे जाताना चाकूर लागतं. तालुक्याचं गाव, डांबरी रस्ता, बाजारपेठ, दवाखाने. मुख्य रस्ता सोडून शिवाराकडे वळलं की सोयाबीन-तुरीची काळी जमीन सुरू होते आणि तिथे चाकाचं गणित बदलतं. ही माती पावसाळ्यात फुगून चिकट होते, उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. दवाखान्यात दिसणारी घडीची व्हीलचेअर गुळगुळीत फरशीसाठी घडवलेली असते. तिची पुढची दोन चाकं लहान आणि अरुंद. चिखलात ती रुततात, भेगेत अडकतात आणि बसलेला माणूस पुढे झुकतो. चाकं मोठी आणि रुंद असली, पुढच्या व मागच्या चाकांतलं अंतर जास्त असलं, की तीच वाट पार होते. खडबडीत जमिनीसाठी अशा लांब, तीनचाकी खुर्च्या जगात अनेक ठिकाणी बनवल्या गेल्या आहेत. पण अशी लांब खुर्ची लहान घरात वळत नाही. एकाच माणसाला घरात एक आणि शिवारात दुसरं साधन लागू शकतं. दिव्यांग माणसासाठी साधन निवडताना आधी त्याचं दिवसभराचं काम पाहावं, मग त्याची जागा, आणि वस्तूचं नाव सगळ्यात शेवटी घ्यावं, असं या लेखाचं म्हणणं आहे. आपल्याकडची बहुतेक व्यवस्था नेमकी उलट्या क्रमाने चालते.

व्यवस्थेचा आकार लहान नाही. केंद्र सरकारची साधनवाटपाची ‘एडिप’ योजना १९८१ पासून चालू आहे. कानपूरचं ‘ॲलिम्को’ हे सरकारी महामंडळ १९७२ मध्ये स्थापन झालं आणि आज तालुक्यांच्या शिबिरांत दिसणाऱ्या कितीतरी तीनचाकी सायकली, कुबड्या आणि कॅलिपर तिथूनच येतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या, त्याही ८ प्रकारांत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हे प्रकार २१ केले. म्हणजे गरज त्या आकड्याहून मोठी असणार हे उघड आहे. शिबिराची पद्धत ठरलेली असते. एक दिवस तपासणी, काही महिन्यांनी वाटप. तपासणीत प्रमाणपत्र पाहतात, टक्केवारी पाहतात, माणसाचं माप घेतात. त्याच्या घराच्या दाराचं, उंबऱ्याचं किंवा संडासाच्या पायऱ्यांचं माप घेण्याची जागा तपासणीच्या तक्त्यात सहसा नसते. खेड्यातला संडास बहुधा उकिडवं बसण्याचा, अरुंद आणि दोन-तीन पायऱ्या चढून जाण्याचा असतो. चाकाची खुर्ची जागच्या जागी पूर्ण वळवायला साधारण ५ फुटांचा मोकळा वर्तुळाकार भाग लागतो. या दोन गोष्टी एकत्र मांडल्या की खुर्ची मिळूनही माणूस उचलूनच का न्यावा लागतो, ते कळतं.

मिळालेलं साधन पडून राहिलं की ‘त्यांना वापरायचंच नव्हतं’ असा शेरा लगेच मारला जातो. पुरावा मात्र वेगळं सांगतो. बेट्सी फिलिप्स आणि हाँगझिन झाओ यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या २२७ प्रौढ दिव्यांग व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्या साधनांपैकी २९.३ टक्के साधनं पूर्णपणे सोडून दिलेली आढळली. साधन सुटण्याशी चार गोष्टींचा संबंध दिसला: निवडताना वापरणाऱ्याचं मत न विचारणं, साधन फार सहज हाती येणं, त्याने नीट काम न करणं, आणि माणसाची गरज बदलणं. यातली दुसरी गोष्ट थांबून विचार करण्याजोगी आहे. सहज मिळणं ही तर शिबिराची थोरवी मानली जाते. पण सहज मिळण्याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की मध्ये कोणी काही विचारलंच नाही, वापरून पाहायला दिलं नाही, दुसरा पर्याय दाखवला नाही. ही अमेरिकेची गोष्ट झाली, असं कोणी म्हणेल. तर २००५ मध्ये गौतम मुखर्जी आणि अमलेन्दु समंता यांनी आपल्याच देशात दान म्हणून मिळालेल्या व्हीलचेअरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याच्या शीर्षकातच या दानाला निरुपयोगी परोपकार म्हटलं.

उलट क्रम सरळ केला की काय घडतं, याचं उत्तम उदाहरण भारतातच आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. पी. के. सेठी यांनी जो पाय घडवला, तो लोकांच्या दिनक्रमातून घडला. तोवरचा पाश्चात्त्य कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी होता. पायात बूट न घालणारा, मांडी घालून जेवणारा, उकिडवा बसणारा, चिखलातून चालणारा शेतकरी त्या पायाच्या हिशेबातच नव्हता. रबराचा, घोट्यात सगळीकडे लवणारा, अनवाणी चालता येईल असा जयपूर फूट त्याच्यासाठी झाला. १९७५ मध्ये जयपूरला स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो दूरवर पोचवला. तरीही ‘जयपूर फूट बसवला’ एवढ्यावर निवड संपत नाही. पावलाहून महत्त्वाची असते ती उरलेल्या पायावर बसणारी खोबण. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने तो भाग आक्रसत राहतो, आज घट्ट बसलेली खोबण पुढे सैल होऊन घासू लागते. मधुमेहाने पाय गेला असेल तर त्वचेची संवेदनाही कमी झालेली असू शकते आणि जखम झाल्याचं दुखण्यावरून कळत नाही. अशा माणसाला पुन्हा तपासणीची तारीख दिली नाही, तर पाय दिला असं कसं म्हणायचं?

कानाच्या मशीनचं दुखणं वेगळं. खिशात ठेवायचं जुन्या पद्धतीचं यंत्र सगळेच आवाज मोठे करतं: बोलणं, मोटारीचा भोंगा, पिठाच्या गिरणीचा खडखडाट. डिजिटल यंत्र त्या माणसाच्या श्रवणचाचणीनुसार जुळवता येतं, पण जुळवलं तरच. कानाचा साचा नीट नसेल तर ते शिट्टी वाजवतं. त्याची छोटी बटणासारखी बॅटरी एक-दोन आठवड्यांत संपते. ती कुठे मिळते आणि महिन्याला किती खर्च येतो, हा प्रश्न यंत्राच्या किमतीइतकाच निवडीचा भाग आहे. चाकूरच्या माणसाला बॅटरीसाठी दर वेळी लातूर गाठावं लागणार असेल, तर यंत्र महिनाभरात पेटीत जाईल आणि त्यात दोष त्याचा नसेल.

अंध व्यक्तीच्या बाबतीत साधन हातात असूनही अडण्याचा प्रकार थेट आपल्या भाषेशी येऊन भिडतो. ‘एनव्हीडीए’ हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा संगणक कार्यक्रम मोफत मिळतो आणि त्यात मराठी आवाज आहे. मोबाइलमध्येही ही सोय असते. पण समोरचा मजकूर युनिकोडमध्ये नसून जुन्या फाँटमध्ये असेल, तर यंत्रातून मराठीऐवजी निरर्थक अक्षरांची रांग ऐकू येते. शिक्का मारून छायाचित्रासारखा चढवलेला आदेश तर त्याला कोराच दिसतो. दिव्यांगांच्याच योजनेचा अर्ज असा चढवलेला असेल, तर महागडं यंत्र देऊन काही उपयोग नाही. तिथे बदलायला हवा तो कार्यालयातला फाँट. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. यंत्र कितीही बोलकं झालं तरी शुद्धलेखन, गणित आणि स्वतःच्या बोटांनी वाचण्याचा एकांत यांसाठी ब्रेल लागतंच. म्हणून मोबाइल आला म्हणून ब्रेल बंद करा, हा सल्ला मला घाईचा वाटतो.

या सगळ्यावर सर्वांत मोठा आक्षेप असा घेतला जातो की, काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं. हा आक्षेप सहानुभूतीतून येतो, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला योग्य गादीशिवाय खुर्ची दिली, तर दिवसभर एकाच जागी दाब येऊन जखम होते, ती चिघळते आणि जिवावरही बेतू शकते. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाला मोठ्या माणसाच्या खुर्चीत बसवलं, तर ते एका कुशीला कलतं आणि कणा वाकडा वाढू शकतो. शिवाय एकदा साधन दिल्याची नोंद झाली की एडिप योजनेच्या नियमाने त्याच कारणासाठी साधारण ३ वर्षं पुन्हा मागता येत नाही. लहान मुलांसाठी ही मुदत कमी आहे. म्हणजे चुकीचं साधन हे योग्य साधनाची वाट अडवून बसतं.

दुसरा आक्षेप खरा आहे: तालुक्यात तज्ज्ञ कुठे आहेत? कृत्रिम अवयवांचा अनुभवी तंत्रज्ञ शोधायचा तर पुण्याचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र किंवा मुंबईची हाजीअलीजवळची राष्ट्रीय संस्था आठवते. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये साध्या व्हीलचेअरसाठी ज्या ८ पायऱ्या सांगितल्या, त्यांत नोंद आणि तपासणीपासून बसवून पाहणं, वापरायला शिकवणं आणि पुढची देखभाल इथवर सगळं येतं. त्यातलं सगळं काही तज्ज्ञालाच करावं लागत नाही. दाराची रुंदी फूटपट्टीने मोजता येते. ‘सकाळी उठल्यापासून कुठे कुठे जायचं असतं, कोण उचलतं, काय स्वतः करावंसं वाटतं’ हे आशाताईला किंवा विशेष शिक्षकाला विचारता येतं. जिल्ह्यात कौशल्य अजिबात नाही असंही नाही. लातूरजवळ हरंगुळला ‘संवेदना’ हे मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठीचं केंद्र काम करतं. गावात माहिती जमवावी, अवघड निर्णय अशा ठिकाणी न्यावेत.

आणि लोक चुकीचं मागतात त्याचं काय? शेजाऱ्याला मोटारीची सायकल मिळाली म्हणून आपल्यालाही हवी, असं होतं खरं. पण ज्याचे खांदे वीस-तीस वर्षं कुबड्या आणि हाताने फिरवायच्या सायकलीने झिजले आहेत, त्याची मागणी हौसेची नसते. भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. त्याआधीची पोलिओग्रस्त पिढी आता उतारवयाकडे चालली आहे आणि तिच्या गरजा बदलल्या आहेत. फिलिप्स आणि झाओ यांचं चौथं कारण हेच. मत विचारणं म्हणजे मागेल ते देणं नव्हे. दोन साधनं समोर ठेवून, त्याच्या वाटेवर चालवून पाहून, मग ठरवणं.

यासाठी नवी योजना लागत नाही. शिबिरही बंद करायला नको, कारण लोक तिथे येतात. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. त्यातून टायर-ट्यूब, बॅटऱ्या, कुबडीची रबरी टोपणं आणि उंबऱ्यापाशी एक उतार एवढं करता येईल. चाकं आणि बेअरिंग साध्या सायकलीची असलेलं साधन घेतलं, तर पंक्चर चाकूरच्या सायकल दुकानात निघेल. आणि वाटपाच्या वहीत सहीनंतर दोन रकाने वाढवावेत: सहा महिन्यांनी घरी कोण गेलं, आणि साधन तेव्हा कुठे होतं.