त्रैमासिकाचा मंगळवार

सकाळी ६.१५

चहाच्या आधी मेल. कार्यालय म्हणजे नारायण पेठेतल्या घराची पुढची खोली. एक टेबल, एक संगणक, दोन लोखंडी मांडण्या, खिडकीखाली मागच्या अंकांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे. खोलीला भाडं पडत नाही, म्हणून हे त्रैमासिक इतकी वर्षं टिकलंय. संपादकांना सगळे ताई म्हणतात. मीही तेच म्हणतो.

जुलै-सप्टेंबरचा अंक छापखान्यात अडकलाय. त्यातच दिवाळी अंकासाठी साहित्य यायला लागलंय. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत लिहिणारा प्रत्येक जण पावसाळ्यात संपादकांचे पत्ते शोधतो. ताईंकडे रात्रीत एकोणीस जणांचं साहित्य आलंय.

टेबलावर लांबट वही आहे. तारीख, नाव, गाव, काय आलं, कधी वाचलं, काय कळवलं. शेवटचा रकाना महिन्याच्या आत भरलाच पाहिजे, असा त्यांचा नियम. छापायचं असो वा नसो.

६.४०

जालन्याहून पंधरा कविता. सोबतच्या मजकुरावरून कळतं की हाच गठ्ठा आणखी बऱ्याच ठिकाणी गेलाय. ताई पंधराही वाचतात. मग पुन्हा पहिलीपासून. चौदा कवितांत पाऊस, आई आणि माती आहे. नववीत टँकरच्या नळीला गाळणी म्हणून बांधलेली जुनी साडी आहे. ताई लिहितात: ‘नववी घेते. दुसरीकडे कुणी घेतली असेल तर आजच सांगा. तिसरं कडवं मला जास्तीचं वाटतं. ते काढून एकदा मोठ्याने वाचा, आणि तुम्हाला काय वाटतं ते कळवा.’ बाकीच्या चौदांबद्दलही दोन ओळी लिहितात. या उत्तराला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होतो, त्या नव्हत्या.

पुढची कथा उघडली तर पानभर रोमन अक्षरांचा चुरा. श्री-लिपीत टाइप केलेली फाइल फाँटशिवाय आली की अशी दिसते. ताई ती युनिकोडमध्ये बदलून घेतात. बदलताना रफार सरकतात, जोडाक्षरं फुटतात. तेवीस पानी कथा आहे. वाचण्याआधी ती दुरुस्त करावी लागणार. त्या दुरुस्त करायला बसतात. आठव्या पानावर त्यांना कळतं की कथा घेता येणार नाही. तरी शेवटापर्यंत जातात, कारण परत करताना काय सांगायचं ते शेवट वाचल्याशिवाय ठरत नाही.

मांडणीवर ‘सत्यकथा’चे जुने अंक आहेत, रद्दीवाल्याकडून वजनावर घेतलेले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लांब पत्रं लिहीत, कथा पुन्हा लिहायला लावत. मासिक १९८२ मध्ये बंद पडलं. त्यांच्या संपादनावर रागावलेलेही पुष्कळ होते. त्या रागातून साठीच्या दशकात सायक्लोस्टाइल केलेली अनियतकालिकं निघाली आणि मराठीला नवी भाषा मिळाली. ताईंच्या मांडणीवर दोन्ही घराणी शेजारी शेजारी आहेत. मला हे बरोबर वाटतं.

७.५०

बेळगावहून एका कन्नड कथेचा अनुवाद. चांगला आहे. मूळ लेखक हयात आहेत, पण त्यांच्या परवानगीचं पत्र नाही. लेखक गेल्यानंतरही साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतो, हे अनेक अनुवादकांना माहीत नसतं. ‘पत्र आलं की लगेच घेते. मानधन दोघांना मिळेल, प्रत्येकी पाचशे.’ एकट्या लेखकाच्या कथेला हजार, कवितेला तीनशे, लेखाला हजार, असे इथले दर आहेत. आकडा छोटा आहे, पण अंक निघाल्यावर पंधरा दिवसांत पोचतो.

८.२०

आता धारूरच्या एका शिक्षकांचा मेल. चारच ओळी: ऊसतोड कामगारांच्या व्यथांवर लेख लिहायची इच्छा आहे, आपण घ्याल का? असे प्रस्ताव वर्षाला बरेच येतात आणि बहुतेकांतून भाषण हाती लागतं. ताई नकार देत नाहीत. विचारतात: ‘सर, तुमच्या घरातलं कुणी तोडीला गेलं होतं का? उचल किती होती? हिशेब मुकादम ठेवायचा की घरचं कुणी? एका कोयत्याचा एका दिवसाचा हिशेब मला सांगू शकाल का?’ तिकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे पुण्यातल्या वाचकाला सांगावं लागेल, अशी नोंद वहीत होते.

९.४५

पोस्टात मागच्या अंकाची दहा पाकिटं. अंक डेमी आकाराचा, ११२ पानांचा. पाकिटासकट १४५ ग्रॅम भरतो. पुस्तकांसाठीचं स्वस्त रजिस्टर्ड बुकपोस्ट २०२४ च्या डिसेंबरात बंद झालं. पुढच्या मे महिन्यात ज्ञानपोस्ट आली, ३०० ग्रॅमला वीस रुपयांपासून. पण जाहिराती असलेलं छापील साहित्य तिच्यात बसत नाही, आणि अंकात चार पानं जाहिराती आहेत: एक सहकारी बँक, एक मिठाईवाले, दोन प्रकाशक. त्या पानांवर अंकाचा कागद येतो. मग स्पीड पोस्ट. साताऱ्याच्या पाकिटाला जीएसटी धरून सत्तरच्या घरात. अंकाची किंमत १२०.

परत येताना ताई हिशेब सांगतात. ५०० प्रतींना ३२,००० खर्च, म्हणजे प्रत ६४ रुपयांना पडते. विक्रेत्याचं कमिशन चाळीस टक्के, म्हणजे हातात ७२. आठ रुपये उरतात, तेही प्रत विकली गेली तर. मानधन वेगळंच. अंक उभा आहे तो वर्गणीदारांवर. दोनशे दहा जण, वर्षाला चारशे रुपये.

११.००

शनिवार पेठ, डीटीपीवाल्या भाऊंची खोली. पंखा फिरतोय, प्रिंटर चालू. सात फॉर्मांपैकी पाच छापून झालेत. पहिला आणि सातवा राहिलाय. पहिला फॉर्म नेहमी शेवटी जातो, कारण अनुक्रमणिका त्यात असते.

“ताई, तीन पानं वर जातायत,” भाऊ म्हणतात.

फॉर्म सोळा पानांचा असतो. त्याला तीन पानं जोडता येत नाहीत, जोडायचा तर अर्धा फॉर्म जोडावा लागतो. प्लेट, कागद, छपाई, बांधणी धरून खर्च अडीच हजारांनी वाढेल. सातव्या फॉर्मात शेवटी एका नव्या कवीच्या तीन पानी कविता आहेत. सोलापूरचा मुलगा, यंत्रमागावर काम करतो, पहिल्यांदाच छापून येतोय. त्याला पुढच्या अंकात ढकलणं सगळ्यात सोपं.

ताई स्क्रीनकडे बघत राहतात. मग पहिला फॉर्म उघडायला सांगतात. त्यांचं संपादकीय चार पानांचं आहे. त्या पेन घेतात आणि प्रिंटआउटवर उभ्या रेघा मारत सुटतात. मी ते संपादकीय आधी वाचलं होतं. त्यातला ग्रंथालयांवरचा परिच्छेद मला फार आवडला होता, तोही गेला. चाळीस मिनिटांत चाराचं एक पान झालं. कवीची पानं पुढे आली, अनुक्रमणिका बदलली, फॉर्म बसले.

“त्याने आईला सांगितलंय या अंकात येणार म्हणून,” एवढंच त्या म्हणतात.

भाऊंचा दर पानाला पंचवीस. उलटसुलट केलेल्या पानांचे ते वेगळे लावत नाहीत. ताई वरचे दोनशे देतात, भाऊ शंभर परत करतात.

दुपारी १.१५

सिंहगड रस्त्याच्या आतल्या गल्लीत छापखाना. बाहेर पाऊस. ओल धरलेला कागद कडेने वळतो आणि यंत्रात अडकतो, म्हणून मालकांनी रिमं प्लास्टिकमध्ये गुंडाळून फळ्यांवर ठेवलीत. सत्तर जीएसएमचा मॅपलिथो. ताई एक ताव उजेडात धरतात, बोटांनी चाचपतात, मान डोलावतात. शाई सुकायला पावसाळ्यात जास्त वेळ लागतो. घाईने घड्या घातल्या तर समोरच्या पानावर डाग उमटतात. मालक दोन दिवस मागतात. ताई देतात.

मागच्या बाजूला दोन मावश्या छापून वाळलेल्या फॉर्मांच्या घड्या घालतायत. सोळा पानांच्या फॉर्मला तीन घड्या. डाव्या हाताने ताव ओढायचा, आकडा आकड्यावर आणायचा, पट्टी फिरवायची. पाचशे प्रतींचे सात फॉर्म म्हणजे साडेतीन हजार ताव आणि साडेदहा हजार घड्या. मजुरी शेकड्यावर. बोलायला त्या थांबत नाहीत, हात चालूच असतो. धाकट्या मावशींच्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळलेली. कागदाची कड ब्लेडसारखी कापते.

“यात काय असतं ओ?” त्या विचारतात. ताई खाली बसून त्यांना टँकरच्या साडीबद्दल सांगतात, दिवाळीला येणाऱ्या कवितेबद्दल.

“आमच्याकडं धोतर बांधायचे,” मावशी म्हणतात आणि पुढचा ताव ओढतात.

३.००

घरी. भाकरी, पिठलं, मग पोटापाण्याचं काम. एका प्रकाशकाची प्रुफं, पानाला पंधरा रुपये. सहा वाजेपर्यंत बेचाळीस पानं होतात. म्हणजे सहाशे तीस. नियतकालिक या पैशांवर चालतं असं ताई म्हणत नाहीत, पण महिनाअखेरीस छापखान्याचा शेवटचा हप्ता यातूनच जातो.

६.२०

फोन. मागच्या आठवड्यात कथा परत गेलेले एक ज्येष्ठ लेखक. पस्तीस वर्षं लिहितोय, मोठ्या अंकांत छापून आलोय, तुम्ही कोण सांगणार? ताई ऐकून घेतात. मग म्हणतात, “सर, बापलेक स्टँडवर भेटतात तिथपर्यंत कथा तुमची आहे. पुढे तुम्ही मुलाला शहाणं करून टाकलंत. तो तसा नाहीये.” पलीकडून बराच वेळ आवाज नाही. “बघतो,” म्हणून फोन बंद. ते पुन्हा लिहितील की अबोला धरतील, सांगता येत नाही. दोन्ही घडतं. वहीचा रकाना भरला.

मला विचाराल तर अंकाचं खरं काम हेच. छापलेली ११२ पानं कुणालाही दिसतात. त्यासाठी वाचलेली आणि परत केलेली हजारएक पानं कुणाला दिसत नाहीत, आणि अंकाची चव तिथेच ठरते. या फोनला, त्या अकरा मिनिटांना खर्चाच्या पानावर जागा नाही. ताईंनी ती कधी धरलीच नाही.

रात्री ८.००

वर्गणीचे संदेश. यूपीआयने चारशे जमा, पण पत्ता नाही, नाव नाही. मग बँकेचा तपशील आणि मागच्या वर्षीची यादी शेजारी ठेवून माणूस शोधायचा. आज तीनपैकी दोन सापडले.

९.४०

धारूरचे सर फोन करतात. दिवसभर शाळा होती, आत्ता वेळ मिळाला. आवाजात संकोच आहे. वडील वीस हंगाम तोडीला गेले. आईही. वडिलांना लिहिता येत नव्हतं, म्हणून पाचवीत असल्यापासून उचलीचा हिशेब तेच एका वहीत मांडायचे. वही अजून आहे.

ताई उठून उभ्या राहतात. “सर, व्यथा वगैरे काही लिहू नका. ती वही लिहा. पहिल्या पानापासून. कुठल्या हंगामात किती उचल, किती फिटली, किती राहिली. मुकादमाचा आकडा आणि तुमचा आकडा जुळला नाही तेव्हा घरात काय झालं. दहा पानं ठेवते.”

“मॅडम, पण ते साहित्य होईल का?”

“होईल. आणि वडील आहेत ना? त्यांना विचारा, छापलेलं चालेल का. त्यांचं नाव घालायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं.”

सर म्हणतात, उद्या विचारतो. वहीत नोंद होते: धारूर, लेख, दहा पानं, मानधन हजार, वडिलांचा होकार बाकी.