एका सातबाऱ्यातले सगळे पेपर

पट्टेवाल्याने पुकारा केला. वादीचे वकील उठले आणि ‘साहेब, निशाणी पाच’ एवढंच म्हणाले. न्यायाधीशांना कळलं, समोरच्या वकिलांना कळलं, दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या पक्षकारालाही कळलं. कळलं नाही ते शेवटच्या बाकावर जर्नल उघडून बसलेल्या, कायद्याच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला.

तिने दिवाणी प्रक्रिया संहितेचा पेपर दिलेला होता. आदेश ३९, नियम १ आणि २. तात्पुरता मनाई हुकूम मिळवायला काय दाखवावं लागतं, तर सकृतदर्शनी बाजू, सोयी-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारं नुकसान. हे सगळं तिला पाठ होतं. मात्र महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायालयांत दाव्याबरोबर येणाऱ्या मनाईच्या अर्जावर बहुतेक वेळा पाचच क्रमांक पडतो आणि वकील त्याला सरळ ‘निशाणी पाच’ म्हणतात, हे तिच्या पुस्तकात नव्हतं. तिने जर्नलच्या समासात लिहून घेतलं आणि वर दोन रेघा ओढल्या.

शहापूरच्या न्यायालयात ती हौसेने आलेली नव्हती, अभ्यासक्रमाने तिला पाठवलं होतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत मसुदालेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी तंटा निवारण आणि अभिरूप न्यायालय असे चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे आहेत. चौथ्याचे गुण शंभर. तीस अभिरूप न्यायालयातल्या युक्तिवादाला, तीस प्रत्यक्ष खटले पाहून टिपण लिहायला, त्यात एक दिवाणी आणि एक फौजदारी हवाच, तीस वकिलाच्या कचेरीत पक्षकाराची मुलाखत आणि पूर्वतयारी पाहायला, आणि उरलेले दहा तोंडी परीक्षेला. शिवाय तीन वर्षांच्या एलएल.बी.ला किमान बारा आठवडे आणि बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या पदवीला वीस आठवडे उमेदवारी. बरेच विद्यार्थी हे जर्नल एकमेकांचं पाहून भरतात, हे महाविद्यालयांनाही ठाऊक असतं. ही मुलगी आणि मुरबाडच्या न्यायालयात बसणारा तिचा वर्गमित्र ते खरंच भरत होते, म्हणून मी त्यांच्या मागे लागलो.

ती किन्हवलीकडची. आसनगावहून लोकल धरून कॉलेजला जाते. तो टोकावड्याच्या बाजूच्या ठाकूरवाडीतला. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे आधी एसटीने कल्याण. वाचन गाडीतच होतं. करार कायदा, अपकृत्य, राज्यघटना, कौटुंबिक कायदा, मालमत्ता हस्तांतरण, कंपनी कायदा, प्रशासकीय कायदा, न्यायशास्त्र, पुरावा. प्रत्येक सत्राला काही पेपर, प्रत्येक पेपराची वेगळी वही. सगळी अडचण या वेगळ्या वह्यांचीच आहे, असं मला दोन्ही न्यायालयांत बसून वाटत गेलं.

त्या दिवशीचा दावाच घ्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). वडिलांच्या नावची चार एकर जमीन. वडील गेले. फेरफाराने दोन भावांची नावं लागली, बहिणीचं लागलंच नाही. समृद्धी महामार्गाने शहापूर तालुक्यात जमिनीचा भाव चढलेला, धाकट्याने मुंबईच्या कुणाशी फार्महाऊससाठी बोलणी केली. थोरल्याने वाटपाचा दावा लावला आणि विक्रीला मनाई मागितली. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात एक ओळ आहे : कुळकायदा कलम ४३ ला अधीन.

जेवणाच्या सुटीत मी तिला विचारलं, हा कुठला पेपर? ती मोजायला लागली. बहिणीचा हिस्सा म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायदा, २००५ ची दुरुस्ती, सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा विनीता शर्मा निकाल. म्हणजे कौटुंबिक कायदा. दावा चालू असताना जमीन विकली तर काय, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२. फेरफाराची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची, हे जमीन महसूल संहितेचं कलम १५७. पण नोंद म्हणजे मालकी नव्हे, हे निवाड्यांतून. म्हणजे पुरावा. कलम ४३ म्हणजे कुळाला कायद्याने मिळालेली जमीन, तिच्या हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. २०१४ च्या दुरुस्तीनंतर दहा वर्षं उलटली असतील तर आकाराच्या चाळीसपट रक्कम भरून सुटका. घेणारा शेतकरी नसेल तर कलम ६३ ची अडचण वेगळीच. उद्या तिसरा कुणी उठून ‘मी कुळ आहे’ म्हणाला, तर कलम ८५अ प्रमाणे तेवढा मुद्दा दिवाणी न्यायालयाने तहसीलदारांकडे पाठवायचा. बोटं संपली तेव्हा ती म्हणाली, ‘‘सर, परीक्षेत हे सगळं एकाच प्रश्नात कधी येत नाही.’’

येत नाही हे खरं. तालुक्याच्या कोर्टात मात्र वेगळं वेगळं कधी येत नाही. मोठ्या शहरातल्या वकिलाला एका विषयाचं दुकान मांडून बसता येतं. इथे सकाळी वाटप, दुपारी चेक न वटल्याचं कलम १३८, संध्याकाळी पोटगी.

मुरबाडचा मुलगा मला जास्त अवघड जागी घेऊन गेला. कौटुंबिक कायद्याच्या तासाला मुलींच्या समान हिश्श्याचं प्रकरण शिकवून झालं, तेव्हा त्याने घरी येऊन आईला सांगितलं की मामाच्या जमिनीत तुझाही वाटा आहे. मग एका रात्री मूळ कायदा वाचताना कलम २, पोटकलम २ त्याच्या नजरेस पडलं. केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी सगळे त्यात आले. गाइडमध्ये हे एका ओळीत होतं, तेही कंसात. मग लागू काय? जमातीची रूढी, आणि ती सिद्ध करायला पुन्हा पुरावा कायदा. १७ जुलै २०२५ ला ‘राम चरण विरुद्ध सुखराम’मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबात स्त्रीच्या वारसांना समान हिस्सा दिला, मुलींना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना समानतेच्या तत्त्वाविरुद्ध स्त्रीला हिस्सा नाकारता येणार नाही, असा त्याचा रोख. हा निकाल त्याने पूर्ण वाचलाय, आणि शिक्षकांनी न सांगता वाचलाय. आईला मात्र अजून काही बोललेला नाही, कारण मामा गावातच राहतात.

शहापूर तालुका सगळा आणि मुरबाडची काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. राज्यघटनेच्या पेपरात केशवानंद भारती, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पाचवी अनुसूची, पेसा, वनहक्क कायदा यांच्यावर त्या दोघांच्या नोट्स मी पाहिल्या. दीड पान. त्यांच्या गावातली ग्रामसभा मात्र या दीड पानावर चालते.

करार कायद्याचंही तसंच. मुक्त संमती, अनुचित प्रभाव, कलम १४ ते १६. उदाहरणं पुस्तकातली, म्हणजे धर्मगुरू आणि शिष्य, डॉक्टर आणि रोगी. त्या मुलाच्या शेजारच्या कातकरवाडीतली कुटुंबं पाऊस सरला की बयाणा घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. बयाण्याचा हिशोब मालकाच्या वहीत. फिटला नाही की पुढच्या हंगामात पुन्हा तिथेच. हा करार? वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड कामगारांच्या प्रकरणात म्हटलं. पहिली गोष्ट एका सत्रात, दुसरी दुसऱ्यात, तिसरी घटनेच्या वहीत. तिन्ही जोडून पाहायचं काम मुलावर सोडलेलं.

फौजदारीत सध्या निराळीच कसरत आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, ५११ कलमांच्या जागी ३५८. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८. वर्गात नवे आकडे. कोर्टात आधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच भारतीय दंड संहितेखाली चालू, आणि ते बरीच वर्षं चालतील. मुरबाडला आम्ही पाहिला तो मारामारीचा खटला जुन्यातला होता. पंच साक्षीला आला आणि ‘पोलिसांनी सही घेतली, कशावर ते माहीत नाही’ म्हणून मोकळा झाला. सरकारी वकिलांनी त्याला फितूर घोषित करून उलटतपास घ्यायची परवानगी मागितली. या मुलाने हे पुस्तकात वाचलेलं. प्रत्यक्षात ते चार मिनिटांत आणि कुणीही आवाज न चढवता उरकतं, याचं त्याला नवल वाटलं. मला वाटलं नाही. पंचाला परत त्याच गावात जायचं असतं.

अभिरूप न्यायालयाचे प्रश्न बहुधा काल्पनिक देशाचे असतात, नद्या आणि राज्यंही बनावट. मुरबाडच्या मुलांना एवढ्या लांब जायची गरज नाही. काळू नदीवरच्या धरणाचं काम वनजमिनीची परवानगी न घेता सुरू झालं, श्रमिक मुक्ती संघटनेने जनहित याचिका केली आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते काम थांबवलं. १९८० चा वनसंवर्धन कायदा, वनहक्क, ग्रामसभेची संमती, मुंबई महानगराचं पाणी, दोन्ही बाजूंना भक्कम मुद्दे. पर्यावरण कायद्याचा पेपर या एका याचिकेवर शिकवता येईल. शिकवणाऱ्याला कागद गोळा करावे लागतील, एवढंच.

पदवीनंतर सनद. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या बार कौन्सिलांना बजावलं की नोंदणीसाठी अधिवक्ता कायद्यातल्या रकमेपलीकडे काही घेता येणार नाही : सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्याआधी कित्येक राज्यांत हा आकडा हजारांत जात असे. मग अखिल भारतीय बार परीक्षा, तिला टिपणं नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात. ठाकूरवाडीतल्या मुलाने १२५ रुपयांचा हिशोब केव्हाच करून ठेवलाय. काळा कोट चुलतभावाच्या ओळखीने कल्याणला शिवून मिळेल. किन्हवलीच्या मुलीने शहापुरातल्या एका वकीलबाईंकडे शब्द टाकलाय. त्या सुरुवातीला महिन्याला किती देतील, हे विचारायचं मात्र तिला अजून जमलेलं नाही. आसनगावच्या पासाचे पैसे सुटले तरी बास, म्हणाली.