वर्णपटातील पट्ट्यांची सरासरी आणि तिचा आलेख
पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील खाड्यांकाठी तिवरांची वने आढळतात. त्यांच्या आरोग्याचा अंदाज परावर्तित प्रकाशावरून बांधता येतो. २००३ साली सोडलेल्या रिसोर्ससॅट-१ उपग्रहावरील लिस-३ संवेदक ६२० ते ६८० नॅनोमीटर या तांबड्या व ७७० ते ८६० नॅनोमीटर या निकट-अवरक्त पट्ट्यासाठी प्रत्येकी एकच सरासरी मूल्य देत असे. असे मूल्य आलेखावर बिंदूने न दाखविता पट्ट्याच्या रुंदीइतक्या आडव्या रेषेने दाखवावे. दोन्ही मूल्ये तिरप्या रेषेने जोडल्यास मधल्या भागातही मापन झाल्याचा भास होतो. वस्तुतः तेथेच हिरव्या पानांचे परावर्तन झपाट्याने वाढते आणि हरितद्रव्य घटल्यास ही चढण कमी तरंगलांबीकडे सरकते. ऱ्हासाची ही खूण सरासरीत सापडत नाही; म्हणून ती जागा आलेखात रिकामीच ठेवणे शास्त्रशुद्ध ठरते.