अक्षरांची बाह्यरेषा (देवनागरी)

चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षराच्या कडेने वेगळ्या रंगाची सलग रेघ काढणे, यास अक्षरांना बाह्यरेषा देणे असे म्हणतात. छायाचित्रावर किंवा नक्षीवर मजकूर ठेवल्यास अक्षरांचा रंग पार्श्वभूमीत मिसळतो; बाह्यरेषेमुळे ती सुटी व ठसठशीत दिसतात. शिरोरेषा, मात्रा व अनुस्वार यांमुळे देवनागरीत हे काम रोमन लिपीपेक्षा अधिक काळजीने करावे लागते.

स्वरूप

संगणकीय फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची आखणी बंद वक्ररेषांनी केलेली असते. बाह्यरेषा या आखणीच्या बाहेर, आत किंवा मध्यावर काढता येते. ॲडोबी फोटोशॉपच्या 'स्ट्रोक' या लेयर स्टाइलमध्ये हे तिन्ही पर्याय आहेत. मध्यावर काढलेल्या ८ पिक्सेल जाडीच्या रेषेचा ४ पिक्सेल भाग अक्षरावर चढतो; त्यामुळे अक्षर बारीक होते. म्हणून मजकुरासाठी बाहेरची रेषा योग्य ठरते.

देवनागरीतील अडचणी

पहिली अडचण सांध्यांची आहे. शब्दातील अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींना भिडलेल्या किंवा किंचित एकमेकींवर चढलेल्या असतात. प्रत्येक अक्षराला स्वतंत्र बाह्यरेषा मिळाली, तर सलग शिरोरेषेवर उभे काप दिसतात. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके गुजरातच्या सीमेलगत आहेत. 'तलासरी' हे नाव मराठी व गुजराती अशा दोन्ही लिपींत लिहून एकाच पद्धतीने रेखल्यास हा फरक लक्षात येतो. गुजराती लिपीला शिरोरेषा नसल्याने तिच्यात शिरोरेषेवरील काप संभवत नाहीत.

दुसरी अडचण अर्थाशी निगडित आहे. 'ध' व 'घ', तसेच 'भ' व 'म' या जोड्यांतील भेद मुख्यतः शिरोरेषेतील लहानशा खंडावर व तेथील वळणावर अवलंबून असतो. जाड बाह्यरेषेने हा खंड बुजल्यास 'ध'चा 'घ' वाचला जातो. डहाणू तालुक्यात घोलवड व धुंदलवाडी ही दोन्ही गावे आहेत. रेषा जाड झाली, तर फलकावरील 'धुंदलवाडी' हे नाव 'घुंदलवाडी' असे वाचले जाण्याचा संभव असतो. परगावच्या वाचकाला ही चूक ओळखताही येणार नाही. बाहेरची रेषा खंडाच्या दोन्ही बाजूंनी वाढते. त्यामुळे तिची जाडी खंडाच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी ठेवावी लागते.

कृती

जिम्पमध्ये मजकुराच्या लेयरवर 'अल्फा टू सिलेक्शन' ही आज्ञा देऊन संपूर्ण शब्दाचा आकार निवडतात. 'ग्रो' या आज्ञेने ती निवड हव्या तितक्या पिक्सेलनी वाढवतात. नंतर मजकुराच्या खाली नवा लेयर घेऊन वाढवलेल्या निवडीत बाह्यरेषेचा रंग भरतात. शब्द एकसंध धरला गेल्याने सांधे दिसत नाहीत.

इंकस्केपमध्ये रेषा आखणीच्या मध्यावर येते. त्यामुळे मजकुराच्या दोन प्रती घेतात. खालच्या प्रतीला इच्छित जाडीच्या दुप्पट रेषा देतात व वरची प्रत रेषेविना ठेवतात. वरच्या प्रतीखाली आतली अर्धी रेषा व सांध्यांचे काप दोन्ही झाकले जातात. टोकदार कोपऱ्यांवर काटे उमटू नयेत म्हणून रेषेचे कोपरे गोल ठेवतात. मोठ्या फलकासाठी ही पद्धत अधिक सोयीची आहे, कारण वक्ररेषांवर आधारित आकृती कितीही मोठी केली तरी तिच्या कडा दातेरी होत नाहीत.

रंगाची निवड

बाह्यरेषेचा रंग अक्षर व पार्श्वभूमी या दोहोंचा विचार करून ठरवतात. डहाणू-तलासरी परिसरातील वारली चित्रांत गेरूच्या पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाने पांढऱ्या आकृत्या काढण्याची परंपरा आहे. अशा चित्रावर पांढरी अक्षरे ठेवल्यास ती आकृत्यांत मिसळतात. गडद गेरू रंगाच्या बाह्यरेषेने अक्षराभोवती मोकळी कड तयार होते आणि चित्राचा रंगमेळही टिकतो. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसंबंधीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मोठ्या अक्षरांसाठी किमान ३:१ व लहान अक्षरांसाठी ४.५:१ इतका रंगविरोध आवश्यक मानला जातो.

अंतिम चित्र प्रत्यक्ष वापराच्या आकारात तपासणे आवश्यक असते. पडद्यावर मोठे करून पाहताना सुटा दिसणारा अनुस्वार लहान आकारात शिरोरेषेला चिकटलेला दिसू शकतो.